फुलीवाला

अकोट
६ जानेवारी २०२५

चि. नागसेन,

जयभीम.

तुझं रजिस्टर पत्र पोचलं. पोस्टमनने सही घेतली म्हणून पोचलं असं लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं. तुझी आई इंदू गेली त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी तू आला, उभ्या उभ्या परत पुण्याला गेला आणि त्यानंतर एक ओळ नाही. आता एकदम चार पानं. पाकिटाची डावी कड दोनदा चिकटवल्यासारखी दिसते. ते तू केलं की मध्ये कोणी, ते कळव.

पहिला प्रश्न. माझ्या लिव्हरला गाठ आहे हे तुला कोणी सांगितलं? तुझी बहीण रश्मी म्हणते, "मी नाई सांगतलं, बाबा." असं ती माझ्याकडे पाठ करून, पोळी लाटता लाटता म्हणाली. अकोल्याहून दर रविवारी येते, माझे सगळे कागद तिच्याच पिशवीत असतात आणि तिच्या मोबाइलमध्ये फोटो काढायची सोय आहे. मी सातवी शिकलो असलो तरी एवढा हिशोब मला जमतो.

तू लिहितो की फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिलं. फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवरचं बोलणं हवेत जातं. उद्या तू म्हणशील मी असं बोललोच नव्हतो. लेखी असलं की माणूस पकडता येतो.

दारूचं तू विचारलं नाहीस, बाकी सगळे विचारतात. मी उभ्या जन्मात शिवलो नाही. डॉक्टरीण म्हणाली रक्तात कावीळ ब निघाली, ती कित्येक वर्षं आत दबा धरून बसली असेल, तिच्यामुळेही अशी गाठ होते. शेजारच्या लोकांना हे कोण सांगणार? त्यांना लिव्हर म्हटलं की बाटलीच दिसते.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पत्राचं दुसरं पान. ते मी अकरा वेळा वाचलं. इथे जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे पुढे वाद नको:

"पेशीमध्ये जुनी, मोडकी प्रथिनं तोडणारं पिंपासारखं एक यंत्र असतं. ते वाईट नाही, त्याच्यावाचून पेशी जगणार नाही. तोडायच्या प्रथिनावर आधी एक खूण लावली जाते. खूण दिसली की यंत्र ते आत ओढतं आणि त्याचे तुकडे करतं. यकृताच्या कॅन्सरमध्ये कधी कधी खूण लावणाराच बिघडतो. पेशीची वाढ आवरून धरणारं एक राखणदार प्रथिन असतं. ते चांगलं असूनही तो त्याच्यावर खूण लावत सुटतो. राखणदार तुटला की पेशी बेफाम वाढते."

हे तू कोणाबद्दल लिहिलं?

मी कापसाच्या जिनमध्ये एकतीस वर्षं स्टोअरला होतो. कामातून गेलेल्या सामानावर लाल रंगाची फुली मारायची आणि रजिस्टरला 'कंडम' लिहायचं, हे माझं काम. फुली पडली की सामान भंगाराच्या ढिगावर. माझ्या फुलीवर मालकसुद्धा बोलत नसे. लोक मला फुलीवाला म्हणत, हे तुला माहीत आहे, शाळेत तुला फुलीवाल्याचा म्हणून चिडवायचे. आणि तू मला लिहितो की खूण लावणारा बिघडतो.

तू जिनमधल्या चतुराबाईचं नाव चार पानांत कुठेही लिहिलेलं नाही. न लिहिण्यातच मला डाव दिसतो.

दुसऱ्या पानाचा खुलासा लेखी पाठव.

तुझा वडील,
देवमन

ता. क. प्रथिनं तुटतात असं वाचल्यापासून मी वरण बंद केलं आहे. बरोबर केलं का, तेही लिही.


अकोट
२९ जानेवारी

चि. नागसेन,

जयभीम. तुझं उत्तर अजून नाही. कदाचित तू पाठवलं असेल आणि इथे कोणी दाबलं असेल.

काल अमरावतीला दवाखान्यात गेलो होतो. रश्मीने शाळेतून रजा टाकली. फोटोत गाठ नक्की कशाची ते कळत नाही, म्हणून सुईने बारीक तुकडा काढून बघायचा असं ठरलं होतं. पण डॉक्टरणीला अर्जंट बोलावणं आलं आणि ती निघून गेली. मग आम्हीही परत आलो. एवढंच झालं. रश्मी वेगळं काही सांगेल तर ती थकली होती असं समज.

तिथे एका कागदावर दोन सह्या मागितल्या. पहिली सुईसाठी, ती ठीक. दुसरी कशासाठी, तर तपासून उरलेला तुकडा अभ्यासाला ठेवायला. मी विचारलं, कोणाच्या अभ्यासाला? नर्स म्हणाली, "संशोधनाले लागते, आजोबा. सही नाई केली तरी चालते." तू पुण्यात कोणत्या गाठीचा अभ्यास करतो ते मला माहीत आहे. लिव्हरच्याच. म्हणजे मुलगा बापाकडे येणार नाही, पण बापाचा तुकडा मुलाकडे जाईल. ही व्यवस्था कोणी केली, विचारतो.

डॉक्टरीण म्हणाली की गाठ लहान आहे तोवर कापून काढता येईल. दोन-तीन महिने घालवले तर मग तिच्याही हातात राहणार नाही. हे सगळ्यांनाच म्हणत असतील.

एक सहज विचारतो. दवाखान्यात माणसाच्या अंगावर फुली मारतात, तिचा अर्थ काय असतो? माझ्यासाठी नाही. बाजूच्या खाटेवर एक माणूस होता, त्याच्यासाठी विचारतो.

देवमन


अकोट
७ फेब्रुवारी

चि. नागसेन,

तुझं पत्र मिळालं. रश्मीने तुला फोन केला, हे तू सरळ लिहिलंस ते बरं केलं. निदान एक संशय खरा निघाला.

तर तो बाजूच्या खाटेवरचा माणूस मीच.

झालं असं की मला सदरा वर करून झोपवलं. थंडगार मलम लावून मशीन फिरवलं. मग ती डॉक्टरीण, पोरगीच आहे, जांभळं पेन घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या उजव्या बरगडीखाली फुली मारली. दोन रेघा. आधी डावीकडून खाली, मग उजवीकडून. मी पण तशीच मारायचो. मारली आणि नर्सला म्हणाली, "झालं, घ्या आत."

नागसेन, एकतीस वर्षांत माझी फुली लागलेली एकही वस्तू परत कामावर गेली नाही. मी तिथे पडून होतो आणि मला ढीग दिसत होता. लघवीला जातो असं सांगून उठलो. मागच्या दाराने बाहेर पडलो, रिक्षा केली, स्टँडवर उभी असलेली परतवाड्याची एसटी धरली. तिथून अकोट. रश्मी दवाखान्यात मला संडासात शोधत होती. डॉक्टरणीला बोलावणं वगैरे काही आलं नव्हतं.

घरी येऊन ती फुली घासली. साबणाने गेली नाही. खोबरेल तेल लावलं, मग रॉकेल. कातडी लाल झाली, फुली तशीच. आता पुसट झाली आहे, पण उजेडात दिसते.

रश्मी आली ती दारातूनच, "बाबा, तुमी काहून पयाले? लहान लेकरू हाये का तुमी?" मग चुलीजवळ बसून रडली.  तिला काय सांगणार, की पेनला भ्यालो?

तू लिहितो, ती फुली फक्त सुई कुठे टोचायची त्याची खूण. असेल. पण फुली म्हणजे काय ते मला शिकवू नको.

वरण खायला तू सांगितलं. ताटातली प्रथिनं वेगळी आणि पेशीतली मोडतोड वेगळी, पोटभर खा, असं. बरं. खातो.

आता दुसऱ्या पानाचा तुझा खुलासा. तू लिहिलं: "ते पान मी प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना असंच समजावतो, बाबा. राखणदार, खूण, यंत्र, हेच शब्द वापरतो. तुम्हाला त्यात टोमणा ऐकू आला असेल, तर तो माझा नाही."

हे वाक्य तू विचार करून लिहिलं की सहज? मला दोन दिवस झोप नाही. तुझा नाही तर कोणाचा? घरात तर मी एकटाच असतो.

एक आठवण आहे का तुला? तू सोळा वर्षांचा होता. माझा डबा घेऊन जिनमध्ये आला होता. जानेवारी होता, कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या. रात्री जेवताना तू म्हणाला, "बाबा, ढिगावरच्या जाळ्या तर नव्या हायेत. हिरवा रंग हाताले लागते." मी म्हणालो, रजिस्टरला गंज लिहिला आहे, म्हणजे गंज आहे. तू ताटावरून उठला. मी तुला परत बसवलं नाही.

तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो. आजही एवढंच लिहितो.

देवमन


अकोट
१७ फेब्रुवारी

चि. नागसेन,

काल चतुराबाईकडे गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मध्ये दोन गल्ल्या आहेत. एवढी वर्षं मी बाजाराला तिकडून न जाता वळसा घालून जातो, हे तुला रश्मीने सांगितलं असेलच.

मला संशय होता की तुझं आणि तिचं बोलणं चालू आहे. तो पण खरा निघाला.

ती अंगणात सुपात तूर निवडत होती. डाव्या हाताने. उजवा कोपरापासून नाही, त्या बाजूची बाही तिने दुमडून टाचलेली असते. सूप मांडीने धरते आणि डाव्या हाताने खडे काढते. माझ्यापेक्षा भरभर काढते. मला बघून उठली नाही.

"या, फुलीवाले. पुसली का फुली?"

म्हणजे तिला तेही माहीत. मी म्हणालो, "रश्मीनं सांगतलं वाटते."

"नागसेननं सांगतलं. दर दिवाईले फोन करते पोरगं. औंदा दिवाई नसताना केला, तवाच समजली मी, का काईतरी झालं." मग हसायला लागली. "पेनाच्या फुलीले भेऊन एसटीत बसलं म्हने म्हातारं. दवाखान्याचा झगा तरी देल्ला का परत?"

मी म्हणालो, सदरा माझाच होता.

"बसा मंग. उभ्यानं काय बोलता."

मी ओट्यावर बसलो. पाणी तिने सांगितलं नाही आणि मी मागितलं नाही. उरलेली तूर निवडून तिने सूप बाजूला ठेवलं.

"देवमनभाऊ, पदर खोचेल होता माया."

तुला तेव्हाचं सगळं कदाचित ठाऊक नाही. तिचा हात गेला त्याच्या चौकशीला साहेब आला होता. त्याने लिहिलं की बाईने पदर आवरला नव्हता, तो मशीनच्या पट्ट्यात गेला, पदरामागे हात गेला, चूक बाईची. सगळ्या अकोटात तेच झालं. नळावर बाया आपल्या पोरींना सांगायच्या, पदर खोच, नाहीतर चतुरासारखी होशील. वीस वर्षं तिच्यासमोर सांगायच्या.

मी म्हणालो, "मले माईत आहे."

"काय माईत आहे?"

"पदर खोचेल होता."

 मला वाटलं आता शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी उठून आलो असतो आणि तुला लिहिलं असतं की बघ, किती तोंडाळ बाई आहे.

"आनिक काय माईत आहे?" ती म्हणाली.

मग मी सांगितलं. तिला सांगितलं ते तुला लिहितो. पट्ट्यांवरच्या संरक्षक जाळ्या त्या दिवाळीलाच नव्या आल्या होत्या. रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या मशीनमध्ये, कापूस अडकला की तो काढायला मशीन थांबवून जाळी उघडावी लागे. प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं जात. बाहेर गाड्यांची रांग. मॅनेजर स्टोअरला आला आणि म्हणाला, हंगाम आहे देवमन, जाळ्या कंडम दाखव, मशीन मोकळी पळू दे. मी म्हणालो, साहेब, नव्या आहेत. तो म्हणाला, फुली तुझी आहे, गंजही तूच लिही. मी लिहिला. बारा जाळ्या. हाताला हिरवा रंग लागला, वर लाल. नोकरी जाईल ही भीती होती, पण खरं सांगतो, माझी फुली त्याला लागते याचा मला थोडा अभिमान पण वाटला होता. सतराव्या दिवशी चतुराबाईचा हात गेला. चौकशीच्या साहेबाला मी रजिस्टर दाखवलं. त्याने गंज वाचला आणि पुढे विचारलं नाही.

जिन तेवढा महिना फार पळालं. कापसाच्या एवढ्या गाठी कधी बांधल्या नव्हत्या. तुझं दुसरं पान बाराव्यांदा वाचताना मला हेच दिसलं.

चतुराबाई म्हणाली, "मले सांगून काय होते? तुमी तं लेखीवाले. ते गंज कागदावर हाये ना? मंग हे बी कागदावर लिवा."

मी विचारलं, "कोनाच्या नावानं लिहू? जिन बंद पडलं, मॅनेजर मेला, तो साहेब कुठं असेल कोन जाने."

"माया नावानं लिवा," ती म्हणाली. "हात माया गेला."

मग पाणी दिलं.

देवमन


अमरावती, दवाखाना
२५ फेब्रुवारी

चि. नागसेन,

जयभीम. अक्षर वाकडं आहे. सुई झाल्यावर चार तास उजव्या कुशीवर पडून राहायचं, आतलं रक्त थांबायला. त्यामुळे उजवा हात अंगाखाली आहे आणि मी डाव्याने लिहितो आहे. रश्मी म्हणाली, "तुमी सांगा, मी लिवतो." मी नको म्हटलं. ती मधलं गाळेल.

डाव्या हाताने एक ओळ लिहायला किती वेळ लागतो ते आज कळलं. ती बावीस वर्षं सगळंच डाव्याने करते.

सकाळी मी डॉक्टरणीला फुलीचं सगळं सांगितलं. आधी हसली, मग हसली नाही. म्हणाली, "आजोबा, बाकीचं सगळं लिव्हर ठेवायचं आहे, म्हणून तर एक जागा दाखवून ठेवतो." मी म्हणालो, मग पेन द्या. तिने मशीन फिरवलं, बोटाने जागा दाबून धरली. मी मान वाकवून फुली मारली. डावीकडून खाली, मग उजवीकडून. माझा हात हलला नाही. डॉक्टरीण म्हणाली, अगदी बरोबर जागी आहे.

सुई टोचताना मी ओरडलो. नर्स सांगेल की नाही ओरडले. खोटं बोलते.

दोन्ही सह्या केल्या. उरलेला तुकडा ठेवा म्हटलं. तो तुझ्याच यंत्राखाली येईल असं नाही, हे आता मला समजलं. कोणाच्याही येवो. खूण लावणारा कुठे बिघडला ते बघावं आणि त्याला कसं आवरायचं तेही.

रिपोर्ट आठ दिवसांनी. बंद पाकिटात देणार आहेत. रश्मीला मी ते फोडू देणार नाही, चांगलं असेल तर सांगेल आणि वाईट असेल तर पोळ्या लाटत बसेल. मला वाचता येणार नाही. तू ये आणि फोड. तुझ्यावर माझा सगळा विश्वास बसला असं समजू नको. पण तुला ते वाचता येतं आणि जे असेल ते तू तोंडावर सांगतो, हे मी एकदा जेवताना बघितलं आहे.

चतुराबाईचा कागद लिहून झाला. दोन पानं, खाली सही आणि तारीख. तिच्या हातात दिला. तिने तो रश्मीकडून मोठ्याने दोनदा वाचून घेतला आणि घडी करून गव्हाच्या कोठीत ठेवला. 

येशील तेव्हा सरळ घरी येऊ नको. आधी तिच्याकडे जा. तो कागद माग, वाच. मग माझ्याकडे यायचं की नाही ते ठरव.

तुझा वडील,
देवमन